निंबाखालचा खांब

"वाटेत कोण कोण भेटलं?"

"कोणी नाही, बुवा."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही. म्हणजे... कुणाला साधा धक्काही लागला नाही."

बुवांचे हात थांबले नाहीत. पुढ्यात एका जुन्या खुर्चीचा सांगाडा होता आणि त्यात ते वेत विणत होते. सातव्या वर्षी देवीच्या साथीत त्यांचे डोळे गेले. आता सत्तरी उलटली होती. गावोगावचे आंधळे काठी घेऊन चालायला शिकायचं म्हणून त्यांच्याकडे येत, त्यामुळे त्यांच्या दोन खोल्यांना आणि पडवीला सोनवडीचे लोक मठ म्हणत. बुवांनी या नावाला कधी हरकत घेतली नाही. त्यांना खुर्च्यांतून सवड नव्हती.

समोर बसलेला विश्राम पाटणकर पुण्याहून आला होता. इंजिनिअर, वय एकोणचाळीस. डोळ्यांवर काळा गॉगल होता आणि गॉगलच्या काचांना आतून काळी चिकटपट्टी लावलेली होती. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांना दोन वर्षं दिली होती. अजून नळीतून बघावं तेवढं दिसत होतं, पण आज त्याला तेवढंही नको होतं. आज तो परीक्षेला बसला होता, आणि निकाल त्याने आधीच लावून टाकला होता.

"एस.टी. स्टँडपासून इथवर चारशे बारा पावलं," तो म्हणाला. "बोळ एकच, वळणं तीन. काठी एकोणीस वेळा थरथरली. एकोणीस वेळा मी बाजूला झालो."

"हातात दे."

विश्रामने काठी दिली. तिच्यावर त्याने दीड वर्ष खर्च केलं होतं. रंग काळा, मूठ जाड, मुठीखाली बटणाएवढे दोन डोळे. दिसायला डोंगर चढणाऱ्यांची असते तशी. ऑफिसात त्याने गुडघा दुखतो असं सांगून ठेवलं होतं.

"कशी चालते?"

"यातून आवाज निघतो. माणसाला ऐकू येत नाही असा. तो समोरच्या वस्तूवर आदळून परत येतो. आला की मूठ थरथरते. डावीकडे काही असलं तर डावीकडून, उजवीकडे असलं तर उजवीकडून. किती उंच आहे, किती लांब आहे, तेही कळतं."

"आदळून परत येतो..."

"हो."

"आणि ती वस्तू काय आहे, ते?"

"ते कशाला कळायला हवं? आडवं आलं की वळसा घालायचा. अडथळा तो अडथळा."

बुवांनी काठीवरून हात फिरवला. खालच्या टोकाशी तो थांबला. तिथे रबराची जाड टोपी होती.

"हे कशाला?"

"आवाज होऊ नये म्हणून."

"कुणाला?"

विश्राम हसला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बुवा. जे कळायचं ते माझ्या मुठीत. बाकी कुणाला काही कळायचं कारण नाही. मी तुमच्याकडे एवढ्यासाठीच आलो. यंत्र तयार आहे, चाल तेवढी घोटून घ्या. नऊ दिवसांची रजा आहे. डोळे जातील त्या दिवशी कुणाला पत्ता लागता कामा नये."

"कुणाला म्हणजे?"

"ऑफिसात. सोसायटीत."

"आणि?"

...

"घरी," विश्राम म्हणाला. "बायकोला सांगितलेलं नाही. तिचा भाऊ असाच होता. आंधळाच. तिचं सगळं लहानपण त्याचा हात धरण्यात गेलं. पुन्हा तेच तिच्या गळ्यात घालू? नाही. माझं मी निभावीन. घरात तर मला काठीही लागत नाही. दिवे घालवून हिंडतो. सहा महिन्यांत एका स्टुलाला पाय लागला नाही."

"शाबास," बुवा म्हणाले.

विश्रामला बरं वाटलं. दीड वर्षात त्याला कुणी शाबास म्हटलं नव्हतं. म्हणणार कोण, कुणाला ठाऊकच नव्हतं.

"ते एकोणीस अडथळे आठवतात?"

"सगळे." हे खरं होतं, त्याची स्मरणशक्ती दांडगी होती. "पहिला, डावीकडे गुडघ्याएवढा, रुंद. दुसरा छातीएवढा, हलता. तिसरा खूप रुंद, बुटका, सगळा रस्ता अडवून. तिथे भिंतीला धरून जावं लागलं..."

तो सांगत गेला. बुवा विणत गेले.

"...अकरावा दुसऱ्या वळणावर. वर पानांची सळसळ होती. उंच, अरुंद, अजिबात न हलणारा. खांब. डावीकडून वळसा घातला."

बुवांचे हात थांबले.

"निंबाखाली?"

"निंब असेल. खांब होता एवढं नक्की."

"निंबाखाली खांब नाही रे."

"मग नवा पुरला असेल. यंत्र खोटं बोलत नाही, बुवा."

"नाही बोलत," बुवा म्हणाले. मग त्यांनी वेताचं टोक दातांनी तोडलं, खुर्ची बाजूला सारली आणि कोपऱ्यातली आपली काठी घेतली. भरीव बांबूची काठी, खाली टोकाला लोखंडाची वसवी, फरशीवर वाजणारी. "चल."

"कुठे?"

"आलास त्याच वाटेने. उलटा."

विश्रामने गॉगल काढला नाही. परीक्षा अजून चालू आहे असं त्याला वाटलं, आणि ते काही चूक नव्हतं.

सोनवडीच्या त्या बोळात एक रीत आहे. बुवा कुठेही थबकले की फरशीवर तीन ठोके देतात आणि जवळपास जो असेल तो आपलं नाव सांगतो. कुणी पाडली, कधी पाडली, विचारलं तर गावकरी एकमेकांकडे बघतात. सासुरवाशीण गावात आली की तिला पाणवठा दाखवतात, देऊळ दाखवतात आणि हे सांगतात. भांडण झालेली माणसंसुद्धा नाव सांगतात, फक्त जरा तुटक सांगतात.

बुवांनी ठोके दिले. ठक, ठक, ठक.

"मकबूल," उजवीकडून आवाज आला. "बाकडं आज पुढं घेतलंय, बुवा. जरा डावीकडनं."

विश्रामची मूठ थरथरली. गुडघ्याएवढा, रुंद. येताना एकोणिसावा.

पुढे पुन्हा तीन ठोके.

"हौसा कासारीण. पोरीच्या हातात बांगड्या भरतीया, मधीच बसलोय दोघी. व्हा बाजूनं. आन् बुवा, माझी खुर्ची झाली का?"

"उद्या."

"उद्याच म्हणताय चार दिस झाले."

अठरावा आणि सतरावा. विश्रामने येताना त्यांना पोती समजून वळसा घातला होता.

"मघाशी ही माणसं बोलली कशी नाहीत?" त्याने विचारलं.

"तू विचारलंस?"

"मी कसं विचारणार..."

"हौसाबाई," बुवा मागे वळून म्हणाले, "मघाशी हे पाहुणे इकडून गेले. आवाज का दिला नाही?"

"ते व्हय? म्या म्हटलं कुणी सायेब हाय. काळा चष्मा, ताठ मान. माझ्या टोपलीला वळसा घालून गेला, एक शबूद नाही. म्हटलं असल मोठा माणूस." ती जरा थांबली. "दिसत न्हाई व्हय त्यास्नी? मग बोलायचं की."

 विश्रामला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

तिसऱ्या ठोक्यांना गोदाबाईने नाव सांगितलं आणि म्हैस आत्ताच आडवी बसल्याचंही सांगितलं. म्हशीने काही सांगितलं नाही.

मग पानांची सळसळ आली. बुवा थांबले, पण त्यांनी काठी उचलली नाही.

"इथे तू दे."

"काय?"

"ठोके."

विश्रामची मूठ थरथरत होती. समोर, दोन हातांवर. उंच, अरुंद, अजिबात न हलणारा. अकरावा.

"खांब आहे, बुवा. तुम्ही हात लावून बघा."

"ठोके दे."

त्याने काठी तीनदा आपटली. रबर फरशीवर बसलं, उठलं, बसलं.

...

"ऐकू आले नाहीत," बुवा म्हणाले.

त्याने पुन्हा आपटली. यावेळी जोरात.

"अजून नाही."

 विश्राम खाली वाकला. टोपी त्याने स्वतःच पक्क्या डिंकाने चिकटवली होती आणि ती सहजी निघेना. नखाने निघेना, मग त्याने किल्ली घातली. बुवा वाट बघत राहिले. कुणी मदत केली नाही, कारण अजून त्याने कुणाला विचारलं नव्हतं.

टोपी निघाली. आतली नळी पोलादी होती.

ठण्. ठण्.

तिसऱ्या वेळी त्याने काठी जरा वर उचलली. 

ठण्.

...

"सुमेधा," खांब म्हणाला.

विश्रामने गॉगल काढायला हात उचलला आणि तो तसाच अर्ध्यावर राहिला. त्याला आधी लाज वाटली. मग भीती. मग पुन्हा लाज. स्वतःच्या बायकोपासून सहा बोटांच्या अंतरावरून तो गेला होता, उत्तम गेला होता, आणि मठात जाऊन त्याने ते अभिमानाने मोजून दाखवलं होतं.

"तू... इथे कधी आलीस?"

"काल. माहेरी जाते म्हणून तुला सांगितलं, ती इथे आले. मठातून तू कधी येणार ते विचारायला फोन आला होता. तू आंघोळीला गेला होतास. मी घेतला."

"मघाशी बोलली का नाहीस?"

"वाटलं, थांबशील." तिचा आवाज सरळ होता. "सकाळपासून उभी आहे. तू आलास, माझ्यासमोर थबकलास. मला वाटलं, आता विचारशील कोण आहे म्हणून. मग तू डावीकडे सरकलास आणि गेलास."

"मला कळलं नाही..."

"ते दिसलं मला."

निंबाची पानं वाजत होती. गोदाबाई म्हशीला हाकायचं विसरून बघत उभी होती.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दिवाळीपासून. पणतीत तेल घालायला बसलास आणि सगळं पाटावर ओतलंस. मग हसलास. म्हणालास, लक्ष नव्हतं." ती थांबली. "तेव्हापासून स्टुलं मी भिंतीला लावून ठेवते. दारं पूर्ण उघडी ठेवते. तू दिवे घालवून हिंडायला लागलास की मी पुढून चपला उचलत जाते. अनवाणी. तुला ऐकू येऊ नये म्हणून."

विश्राम खाली बसला. फरशीवरच बसला. त्याच्या दीड वर्षांच्या मेहनतीतले घरातले सहा महिने तिचे निघाले.

"तुला पुन्हा तेच नको होतं मला," तो म्हणाला. "तुझ्या दादाचं केलंस, तेवढं पुरे होतं."

"दादा हाक मारायचा," सुमेधा म्हणाली. "दिवसातून पन्नास वेळा हाक मारायचा. मी कधी कंटाळायचेसुद्धा. पण त्याच्या घरात मला कधी पाय न वाजवता चालावं लागलं नाही."

...

विश्रामने गॉगल काढला. ऊन एकदम आत आलं. नळीच्या टोकाशी तिचा चेहरा होता, कपाळ आणि एक डोळा. बाकीचा चेहरा बघायला त्याला मान हलवावी लागली आणि त्याने ती हलवली, तिच्यादेखत, कपाळापासून हनुवटीपर्यंत. इतके दिवस तो हे चोरून करत असे.

"एवढंच दिसतं," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी फरशीवर बसली.

बुवा दोघांच्या पुढे उभे होते. त्यांना काम होतं, हौसाबाईची खुर्ची राहिली होती. ते वळले.

"बुवा."

"हं."

विश्रामने काठी दोन्ही हातांवर आडवी धरली होती. तिचं मुठीजवळचं झाकण त्याने उघडलं होतं. आत तारा आणि एक छोटा दिवा दिसत होता.

"हे चुकलंच माझं. यंत्र काढून टाकतो. नुसती काठी ठेवतो, तुमच्यासारखी."

बुवांनी आपल्या काठीचं टोक पुढे केलं, चाचपत त्या झाकणावर आणलं आणि हलकेच दाबून ते बंद केलं.

"असू दे," ते म्हणाले. "गावात भिंतीही आहेत, त्या नाव सांगत नाहीत."