पपईच्या देठांची नळी

घाण्याला बैल जुंपायचे, त्या काळातली ही गोष्ट. घाण्याखाली सांडलेलं तेल मुंग्या थेंब थेंब करून वारुळात न्यायच्या. वाटेत बैलाच्या खुराखाली रोज दहा-बारा जणी चिरडल्या जायच्या. म्हणून तानी या म्हाताऱ्या मुंगीने ठरवलं, पपईचे पोकळ देठ डिंकाने जोडून नळी घालायची. तेल आपोआप घरी येईल.

नळी मात्र तळ्यावरून जाणार होती, आणि तिथे गोदी खेकडीण पिल्लांना घेऊन राहायची.

"तानूबाई, तुमच्या पोरी मरतात ते मलाही बघवत नाही," गोदी म्हणाली. "पण एक सांधा सुटला तर सगळं तेल पाण्यावर पसरेल. माझी पिल्लं गुदमरतील गं."

"सांधा सुटायचा नाही, गोदाक्का. माझा शब्द आहे."

गोदी बिचारी पिल्लांकडे परतली. दुसऱ्या सकाळी तिला मुंग्यांची लांबच लांब रांग दिसली. प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं होतं.

"कुठे निघालात गं?"

"आमच्या खोल्यांवरून नळी जाणार ना! गळली तर? पावसाआधी हलवतो, तशी अंडी हलवतोय."

गोदीने नुसतं तानीकडे पाहिलं. तानीने मान खाली घातली आणि देठ मोजले.

"तळ्याला वळसा घालायचा तर अजून चाळीस देठ लागतील," ती म्हणाली. "आमच्या दातांनी कधी कापून व्हायचे?"

"मग मी कशाला आहे?" गोदीने नांगी उघडली आणि पिल्लांकडे वळून म्हणाली, "बसा रे पाण्यात निवांत. मावशीचं काम करून आले."