तोर्रेसालाची बिनदाराची वेस

पाहुण्यांनो, उन्हात का उभे? या, कमानीखाली या. ही आमच्या तोर्रेसालाची समुद्राकडची वेस. बिजागऱ्या बघा, माझ्या दंडाएवढ्या जाड, पण दार नाही. फोटो काढणारे विचारतात, चोरीला गेलं का? नाही हो, आम्हीच उतरवलं.

गाव फार जुनं. आधी ग्रीक आले, त्यांनी द्राक्षवेल लावले, असं सांगतात. मग रोमन धक्का बांधून गेले. त्याचे दगड ओहोटीला अजून दिसतात. त्यांचं राज्य बुडालं आणि पुढे समुद्रातून चाचे येऊ लागले. घरं जाळायचे, माणसं धरून न्यायचे. तेव्हा गावाने हा तट बांधला, ओकचं दार बसवलं आणि किल्ली एर्सीलियाकडे दिली. तिचा नवरा चाच्यांनी मारला होता. ती डोळ्यांत तेल घालून राखण करील, असं गावाला वाटलं.

तेव्हा आमच्याकडे प्रत्येक घराचं शीड वेगळ्या रंगाचं असे. बायका तटावरून शीड ओळखायच्या आणि मगच चुलीवर भांडं चढवायच्या. माणसाचा चेहरा नंतर, आधी शीड.

एकदा मोठं वादळ उठलं. सगळ्या होड्या परतल्या. एर्सीलियाच्या मुलाची, नेव्हियोची, तेवढी राहिली. संध्याकाळी लाटांत काळं शीड दिसलं. काळं म्हणजे चाच्यांचं! दार लागलं. मग दारावर धक्के बसू लागले, हाका येऊ लागल्या.

"माझा नेव्हियो आहे तो," एर्सीलिया म्हणाली.

गावचा म्होरक्या बोर्तोलो म्हणाला, "बाई, धरलेल्या माणसांकडूनच ते हाका मारवतात. मागे असंच दार उघडलं आणि निम्मं गाव जळालं. तुझ्या एका लेकासाठी सगळ्यांची लेकरं देणार का?"

किल्ली तिच्याच हातात होती. कुणी हिसकावली नाही. तिनेच दार उघडलं नाही.

वारा पडल्यावर उघडलं. रात्रीत भरती उंबरा ओलांडून दारावर चढली होती आणि ओसरली होती. नेव्हियो आणि त्याचे सोबती तिथेच बुडून पडले होते. त्यांचं शीड वादळात फाटलं, म्हणून त्यांनी चाच्यांच्या एका फुटक्या जहाजाचं शीड होडीला बांधलं होतं.

एर्सीलिया रडली नाही, असं सांगतात. मला नाही पटत. आई होती, रडली असेलच. पण गावाला ती म्हणाली, "दार उतरवा. चाचे आले तर डोंगरावर पळू. ते मारतील तर मारोत. आपली माणसं आपण नको मारायला."

पहिली पहार बोर्तोलोनेच घातली म्हणे. त्याच फळ्यांच्या शवपेट्या झाल्या.

चाचे पुढे आलेच, गाव पुन्हा जळलं. मग इथे व्हेनिसचं राज्य आलं. त्यांच्या अधिकाऱ्यांनी नवं दार पाठवलं, तर गावाने त्याच्या होड्या केल्या! राजे गेले, लढाया झाल्या, आता हॉटेलं आली.

आजही वारा चढला की एका घरची बाई पाळीने इथे कंदील घेऊन बसते. समुद्राकडून येईल त्याला आधी पाणी द्यायचं, मग नाव विचारायचं. गेल्या हिवाळ्यात माझी पाळी होती. एक रबरी होडी किनाऱ्याला लागली. माणसं अनोळखी, भाषा अनोळखी, एकाच्या हातात लोखंडी सळई. मी म्हातारी, एकटी. फार भ्याले हो. काही कळायच्या आत उठले आणि दार ओढून घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

हाताला काही लागलं नाही. मग वाकले आणि पाण्याचा घडा उचलला.