धूर केव्हा येतो?

एकदा एक जुनी, बसकी, जेमतेम दोन माणसांची स्पोर्ट्‌स मोटार निळा धूर सोडत कोल्हापुरातल्या एका वस्तादांच्या गॅरेजात शिरली. तालमीत कुस्ती शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात, तसे इथे इंजिनाची विद्या देणाऱ्या या वृद्धालाही सारे वस्तादच म्हणत. त्यांचे वय एवढे झाले होते की त्यांच्या शिष्यांच्या शिष्यांनाही आता टक्कल पडू लागले होते.

गाडीचा मालक गुळाचा व्यापारी होता. एरवी तोलूनमापून बोलणारा माणूस. पण या गाडीची गोष्ट निघाली की त्याचा तोल सुटे.

"वस्ताद, चढाला दम टाकते हो," तो म्हणाला. "ऑइल तर पाण्यासारखं पिते. ज्याला दाखवावी तो म्हणतो, हे इंजिन फेका आणि नव्या गाडीचं बसवा. पण मग तिचा आवाज कुठला राहायला? मुकीच होईल की ती!" आणि हा गावभर भाव पाडून घेणारा व्यापारी भर गॅरेजात डोळे पुसू लागला.

काम निवासकडे आले. निवास वस्तादांचा पट्टशिष्य, चांगला संसारी माणूस, हाताने अत्यंत कुशल. त्याच्यात खोट एकच होती. पाना हाती आला की त्याला थांबणे ठाऊक नव्हते. त्याने गाडी सुरू केली, मागे निळा धूर पाहिला आणि तिथल्या तिथे निदान करून टाकले. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ऑइल जळते म्हणजे पिस्टन आणि सिलिंडर झिजले. आता इंजिन खोलायचे आणि बोअर करायचे, म्हणजे सिलिंडर आतून कापून रुंद करून त्यात जाड पिस्टन बसवायचे.

अडचण अशी होती की या इंजिनाचे बोअर पूर्वी पुन्हा पुन्हा झालेले होते. सिलिंडरच्या भिंती आता पातळ झाल्या होत्या. आणखी एक कट घेताना भिंत फुटली, तर असल्या इंजिनाचा दुसरा ब्लॉक शोधून मिळणार नव्हता. गाडी कायमची मेली असती. निवासला हे समजत होते, तरी त्याचा उत्साह काही कमी होईना. समोरच्या लेथवाल्याशी त्याने बोलूनही ठेवले.

या गॅरेजात इंजिन खोलण्याआधी नारळ फोडायची रीत होती, आणि नारळ फुटल्यावर काम मागे घेणे ही मोठी नामुष्की समजत. निवासने कुणाला न विचारता नारळ फोडला, खोबरे वाटले आणि हेडच्या, म्हणजे इंजिनावरच्या जाड झाकणाच्या, नटाला पाना लावला.

वस्तादांनी आपल्या वाट्याचे खोबरे शांतपणे चावून संपवले. मग म्हणाले, "पाना ठेव. गाडीत बस. उलटा."

"उलटा म्हंजे?"

"तोंड मागं करून. टप खाली पाड. मी चालवतो."

निवासला वाटले, म्हाताऱ्याची थट्टा चालली आहे. पण वस्तादांशी वाद घालायची सोय नव्हती. भर बाजारातून उघड्या गाडीत हा मिशीवाला गडी सीटवर गुडघे टेकून, सीटच्याच पाठीला कवटाळून, मागे पाहत निघाला. लोक हसले. उसाचा ट्रॅक्टर हाकणारा एकजण ओरडला, "मिस्त्री, काय घरला राहिलंय व्हय?" निवासचा चेहरा रागाने लाल झाला. हातातले काम काढून घेऊन वर गावभर आपली वरात काढावी, हे त्याला फार लागले.

गाडी पन्हाळ्याच्या चढाला लागली. ती धापा टाकत होती, एसटीसुद्धा तिला मागे टाकून गेली. निवास मात्र चक्रावला. इंजिनावर एवढे ओझे पडूनही मागे धूर जवळजवळ नव्हता. पिस्टन झिजले असतील तर इथेच लोट उठायला हवे होते.

वर पोचून वस्तादांनी गाडी वळवली. उतारावर त्यांनी गाडी गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढला. उतार संपता संपता पाय दाबला आणि मागचा सगळा रस्ता निळ्या धुरात बुडाला.

"वस्ताद, थांबा!" निवास ओरडला. "परत वर घ्या! परत एकदा पाय काढा!"

वस्तादांनी निमूटपणे गाडी पुन्हा वर नेली. पुन्हा तेच झाले. आता निवासला ना लोक दिसत होते, ना अपमान आठवत होता. गॅरेजात उतरताच त्याने प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजले; ते कमी भरले, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजले. खाली झीज असती तर ऑइलने फट भरून काटा वर चढला असता. काटा होता तिथेच, खाली राहिला.

"खालचं झिजलेलं न्हाई," तो पुटपुटला. "वरचे वॉल्व्ह जळाल्यात, म्हणून दम न्हाई. त्यांच्या दांड्या ज्या नळ्यांत सरकत्यात त्या गाइड झिजल्यात, पाय काढला की तिथनं ऑइल आत ओढलं जातंय."

वस्ताद त्याच्याजवळ बसले. "लेका, धूर हाय एवढं समद्यांनाच दिसतंय. तो कवा येतोय, ते किती जण बगत्यात? गाडी वझं वढत हुती तवा धूर न्हवता. म्हंजे वझं पेलणारं आंग धडधाकट हाय. तू सुरी लावणार हुतास ती नेमकी त्याच आंगाला. चूक शोधायच्या घाईत माणूस चांगल्यावरच घाव घालतंय. आदी मागं बसावं, गप बगावं."

एवढी जिवंत गाडी आपल्या हातून मरणार होती, हे निवासला त्या क्षणी लख्ख दिसले.

मग त्याने फक्त हेड उतरवले. नव्या गाइड कुठे मिळत नव्हत्या, त्या त्याने समोरच्याच लेथवर काशाच्या काढून घेतल्या. वॉल्व्ह नवे घालून, पेस्ट लावून हाताने घासत बसवले. शेवटी हेडमध्ये रॉकेल भरून ठेवले आणि जेवायलाही न जाता राखण करीत बसला. वॉल्व्हखालून एक थेंब पाझरला नाही!

चाचणीला व्यापारी स्वतः चालवायला बसला आणि शेजारी निवास. वस्ताद पायथ्याच्या रसवंतीवर थांबले. गाडीने चढ असा घेतला की त्या दिवशीची एसटी असती तर रस्ता सोडून उभी राहिली असती. वर पोचल्यावर व्यापारी मोठमोठ्याने हसू लागला, फिरायला आलेल्या अनोळखी लोकांचे हात हातात घेऊन म्हणू लागला, "ऐका, ऐका तिचा आवाज!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. निवासने मात्र अजून श्वास सोडला नव्हता.

उतारावर तो म्हणाला, "शेठ, पाय काढा. सगळा काढा." गाडी मुकाट्याने उतरत राहिली. रसवंतीसमोर येताच तो ओरडला, "आता दाबा!"

गाडीने डरकाळी फोडली आणि झेपावली. मागचा रस्ता स्वच्छ होता, दूरच्या वळणापर्यंत. वस्ताद रसाचा पेला हातात तसाच धरून उठले आणि रसवंतीवाल्याला, ऐकणाऱ्या न ऐकणाऱ्या सगळ्यांना सांगू लागले, "माझ्या निवासचं काम हाय ते!" गाडी वळवून परत रसवंतीशी उभी राहिली तरी त्यांचे सांगणे चालूच होते. निवासने ते ऐकले आणि हा दांडगा गडी व्यापाऱ्याच्या खांद्यावर डोके ठेवून आनंदाने रडला.

आपल्या माणसाचा दोष दिसताच हत्यार उचलण्याआधी एवढेच विचारावे, की तो दोष याच्यात नेमका केव्हा दिसतो, आणि ओझे वाहताना हा माणूस कसा असतो.