नाथीबायचं टाकं

“उपट ते निशाण, लाडकू! तुझ्या बापानं कधी पाय ठेवला होता का या बेटावर?”

“माझा बाप राहू दे, पोशा नाखवा. तुझा आजा इथं होडीतून उतरतानाच बुडाला असता, माझ्या आज्यानं शेंडी धरून वर ओढला त्याला!”

करंजपाड्याचा लाडकू तांडेल आणि शिरसंगचा पोशा नाखवा समोरासमोर उभे. मागे दोन्ही गावचे गडी, वल्ही उगारून. आणि मधोमध, नव्या टाक्याच्या काठावर, नाथीबाय छिन्नीला धार लावत बसलेली. तिनं मानही वर केली नाही.

गलबतं शिडांवर चालायची, तेव्हाची ही हकीकत. बेट असं की किनाऱ्यावरून बघावं तर पाण्यात बसलेल्या रेड्याची पाठ. सगळा काळा कातळ. मावळतीला कडा, कड्यावर सुरय पाखरांची वस्ती. गोड्या पाण्याचा मात्र थेंब नाही. कुणा सरदारानं तिथं किल्ला बांधायला घेतला होता म्हणे. जोतं झालं आणि तहानेनं माणसं पळाली. जोतं अजून आहे. पुढं कुणी राहिलं नाही.

तरी दोन्ही गावांना बेट हवं होतं. मासळी सुकवायला, असं म्हणायचे. मासळी कसली डोंबलाची, नुसती खुमखुमी! एकानं निशाण रोवायचं, दुसऱ्यानं उपटायचं, पिढ्यान्‌पिढ्या हाच उद्योग.

एका वर्षी वादळात नाथीबायच्या परशाची होडी फुटली. पोरगा पोहत बेटाला लागला. फुटक्या फळ्या वाळवून, कमरेच्या चकमकीनं पेटवून त्यानं धूर केला. धूर दोन्ही गावांना दिसला. करंजपाडा म्हणाला, शिरसंगवाल्यांनी बेटावर चुली मांडल्या. शिरसंग म्हणालं, हे करंजपाड्याचेच उद्योग. होडी कुणी लोटली नाही. नाथीबाय बिचारी तेव्हा खाडीखाडीनं लेकाला शोधत हिंडत होती, तिला कोण सांगणार? धूर थांबला, तेव्हा मात्र दोन्ही गावं निघाली. कशाला? निशाण रोवायला! परशा त्यांना सापडला तो कोरड्या कातळाला ओठ लावून.

नाथीबाय रडली नाही, असं म्हणतात. पाथरवटाची लेक ती. बापाची छिन्नी-हातोडी घेतली आणि लेक गेला त्याच जागी कातळ फोडायला बसली. तिच्या घावांचा आवाज दोन्ही किनाऱ्यांना ऐकू जायचा आणि त्या तालावर भरती-ओहोटी चालायची, असं म्हणतात. ती दमली की सुरय पाखरं खाडीपलीकडून चोचीत गोडं पाणी आणायची आणि तिच्या ओठांवर सोडायची. टाकं पुरं झालं तेव्हा आभाळ निरभ्र होतं. तरीही पाऊस आला, आणि तो टाक्यापुरताच पडला, असं म्हणतात.

बेटाला पाणी आलं. मग काय, भांडणाला ऊतच आला. निशाणं आली, वल्ही आली, शेंड्या निघाल्या.

आज त्या बेटावर कुणाचंही निशाण नाही. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या होड्या निघतात, तेव्हा करंजपाड्याची होडी शिरसंगच्या विहिरीचं पाणी नेते, शिरसंगची होडी करंजपाड्याचं, आणि दोन्ही हंडे नाथीबायच्या टाक्यात ओततात. बेटावरून धूर दिसला, तर कुणाचा आहे हे विचारायचं नाही, आधी होडी लोटायची. लहान पोरंसुद्धा हे जाणतात.

उगारलेली वल्ही खाली आली आणि माणसं होड्यांत बसली, त्या दिवसापासूनची ही रीत. नाथीबायनं तेव्हा छिन्नी बाजूला ठेवली होती, दोघांकडे आळीपाळीनं बघितलं होतं आणि एवढंच म्हणाली होती:

“बेट ज्याचं असेल त्यानं पुढं यावं, आणि माझा परशा धूर करत होता तेव्हा आपण कुठं होतो ते मला सांगावं.”