शेजाऱ्याने उघडायची पेठ

सकाळी झारेकर पेठेत गेलात, तर एक गंमत दिसते. इथे कुणीच आपलं दुकान आपण उघडत नाही. तांबट रस्ता ओलांडून कॉफीवाल्याचं काचेचं दार सरकवतो आणि कॉफीवाला तांबटाच्या दुकानाच्या लाकडी फळ्या काढतो.

काही वर्षांपूर्वी या पेठेत दिवसाही कुणी फिरकत नसे. आता फरशीचा रस्ता झाला, तारा जमिनीखाली गेल्या, बंद गाळ्यांतून कुठे पुस्तकं, कुठे बनमस्का आला. कुठे पाहू नि कुठे नको, असं मला झालं होतं. पण आम्हाला पेठ दाखवणाऱ्या वडकेमामांनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं. "आधी ऐका, मग फिरा."

फार पूर्वी इथे साथ आली. माणसं माळावर झोपड्या बांधून राहिली. साथ सरली, तरी पेठ बंदच. जो पहिल्यांदा आपलं दुकान उघडेल, त्याच्या घरात साथ परत शिरेल, असं कुणीतरी बोललं आणि सगळ्यांनी धरून ठेवलं. तेव्हा इथल्या सरदाराने दवंडी पिटवली, की दसऱ्यापर्यंत पेठ उघडली नाही, तर बाजार नदीपलीकडे हलवू.

चिमाबाई कासारणीचं सासर-माहेर दोन्ही याच पेठेत. तिने देवीला नवस बोलून हातातल्या बांगड्या उतरवल्या. पेठ उघडेल तेव्हाच पुन्हा भरीन, म्हणाली. सवाशीण बाई, त्यात बांगड्या विकणारी, मोकळ्या हातांनी हिंडू लागली. बायका तोंड फिरवत, असं सांगतात.

दसऱ्याच्या सकाळी ती समोरच्या रावजी तांबटाला घेऊन पेठेत आली. "तुझं दुकान उघडते."

"वहिनी, माझ्या पोराबाळांवर का उठलात?"

"अरे, बाधा आपलं उघडणाऱ्याला ना? तू कुठे उघडतोयस? आणि हे माझं कुठेय?"

रावजी डोकं खाजवत राहिला. "आणि तरीही तुमच्या घरात शिरली तर?"

"तर शिरली. तू माझं दुकान उघड, तेवढं कबूल कर."

तिने फळी ओढली. आतल्या हंड्यांना कुणी हात लावला नव्हता, तरी म्हणे एकामागून एक घुमू लागले. नाद माळापर्यंत गेला. माणसं धावत आली. रावजीने चिमाबाईच्या दुकानाच्या फळ्या काढल्या, मग ज्याने त्याने शेजाऱ्याच्या. बाजार इथेच राहिला. साथ कुणाच्याच घरी आली नाही.

पण पेठेला बांगड्या भरणारी एकटी चिमाबाई. तिला कोण भरणार? रावजीच बसला. कचाकच काच फुटली. "भावजी, घण नाही मारायचा!" ती ओरडली आणि पेठ कितीतरी दिवसांनी हसली.

आजही इथे नवा दुकानदार आला, की आधी किल्ली शेजाऱ्याला देतो. एवढं सांगून मामा उठले. पलीकडे एक बांगडीवाल्या काकू आपल्याच बंद दुकानाबाहेर उभ्या होत्या.

"शेजारी लग्नाला गेलाय," मामा मला म्हणाले. "ताई, आज शेजारी तुम्ही."

"मी?"

"लवकर करा ओ," काकू म्हणाल्या, "गिऱ्हाईक निघून जाईल!"

मी फळीला हात घातला. जड होती. निघाली.