पगाराच्या मशीनचा रुसवा

ऑफिसात माणसं तीन आणि संगणक एकच होता, त्या काळची ही गोष्ट. तिघांना एकदम काम करता यावं म्हणून संगणकाने पोटात तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नुसत्या प्रोग्रामने बनलेले आभासी संगणक, वसवली होती: पगाराचं, गोदामाचं आणि पत्रांचं. प्रत्येक मशीनला वाटे, खरा संगणक आपणच.

एकदा पगाराचं मशीन गुरगुरलं, "सगळी मेमरी मला दे. नाहीतर मी बंद पडेन, मग बसेल ऑफिस हातावर हात ठेवून!"

"तुझा वाटा तुला मिळतो. दुसऱ्यांचा मिळणार नाही," संगणक शांतपणे म्हणाला.

मशीन रागाने बंद झालं. बाकीची दोन्ही चालूच राहिली. पगार काढणाऱ्या ढवळेबाईंनी चहा संपवला आणि त्याला पुन्हा सुरू केलं.

"किती वेळ बंद होतं ऑफिस?" त्याने ऐटीत विचारलं.

संगणक म्हणाला, "ऑफिस बंद असतं, तर तुला सुरू कोणी केलं असतं?"