गुलाबदाणीनं जेवलेलं झाड

खूप मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हाची म्हातारी माणसं आता कुणाला आठवतही नाहीत, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

डोंगरातल्या एका राज्यात, दरबाराच्या दालनात, खिडकीजवळच्या दगडी कुंडीत एक झाड होतं. रुंद पानांचं, माणसाच्या उंचीचं. राजा वारला आणि त्याची तरुण मुलगी गादीवर बसली. तिथला नियम असा, की गादीवर बसल्यापासून वर्षाच्या आत हे झाड वाळलं, तर गादी सोडायची. आणि झाडाच्या मुळाशी काय घालायचं ते फक्त दरबारातल्या वडीलधाऱ्यांनी. राणीनं मातीला बोटसुद्धा लावायचं नाही.

म्हणजे झाड यांनी मारायचं आणि गादी तिनं सोडायची. हा नियम कुणी केला असेल, ते सांगायला नकोच.

वडीलधारी मंडळी रोज सकाळी आपापला तांब्या घेऊन येत. राणीचे काका पेंडीचं पाणी ओतत. सेनापती मासे धुतलेलं पाणी ओतत. सगळ्यांत थोरले आजोबा आंबट ताक ओतत. त्यांच्या मनात पाप नव्हतं, अक्कल नव्हती एवढंच. पान पिवळं पडलं की म्हणत, "कमी पडतंय बिचाऱ्याला," आणि आणखी ओतत.

एका सकाळी राणी ती पिवळी पानं ओल्या फडक्यानं पुसत होती. पानामागून एक गोगलगाय डोकावली.

"पुसून काय होणार? मुळं कुजलीत याची. खालून घास जात नाही. वरून भरव."

"वरून? पानाला कुठं तोंड असतं?"

"एक कशाला, हजारो असतात. पानाच्या पाठीला, बारीक बारीक. मी रोज त्यांच्यावरून चालते. मला नाही कळणार, तर काय तुझ्या काकांना कळणार?" मग ती जरा ओशाळली. "मी यातली दोन पानं खाल्लीत, खोटं कशाला बोलू? पण तुझ्या म्हाताऱ्यांपुढं माझा त्रास म्हणजे काहीच नाही."

राणीला हसू आलं. मग तिच्या लक्षात आलं, की नियमात मातीचं नाव आहे, पानांचं कुठंच नाही.

तिनं चांगलं मुरलेलं शेणखत पाण्यात भिजवलं, मलमलीतून गाळलं आणि पाहुण्यांवर शिंपडायच्या गुलाबदाणीत भरलं. ऊन खिडकीत यायच्या आत तिनं प्रत्येक पान उलटं करून त्याच्या पाठीवर ते शिंपडलं.

"काय गं, झाडाचं लग्न काढलंस की काय?" काका म्हणाले. "अक्षता आणू?"

दरबार खो खो हसला. पानांची टोकं करपली तेव्हा तर आणखी हसला.

राणीचं कौतुक वाटतं ते इथं. ती चिडली नाही, की रडली नाही. "घट्ट झालं. चूक माझी," म्हणाली, आणि पाणी वाढवत गेली. भांड्यात हात बुडवल्यावर बोटातली अंगठी स्वच्छ दिसायला लागली, तेव्हा थांबली. त्या दरबारात 'चूक माझी' हे शब्द आजवर कुणी ऐकले नव्हते.

हळूहळू पानं सावरली. पण खाली तांब्यांची धार चालूच होती. असं किती दिवस तगणार?

मग राणी भर दरबारात म्हणाली, "आजोबा, काका, तुमचा हक्क तुमचाच आहे. फक्त आजपासून झाडाला जेवढं पाजाल, तेवढं आधी स्वतः प्यायचं."

सेनापतींनी आपल्या तांब्यातल्या पाण्याकडं पाहिलं आणि त्यांना सरहद्दीवरचं काम आठवलं. काकांचा गुडघा अचानक दुखायला लागला. आजोबा तेवढे म्हणाले, "ताकच तर आहे!" त्यांनी तांब्या रिकामा केला, दुसरा भरून कुंडीत ओतला. दुसऱ्या दिवशीही प्यायले. मग एका सकाळी पोट धरून आले आणि तांब्या खाली ठेवला.

"नाही जात आता, राणीसाहेब."

"झाडाचंही हेच म्हणणं आहे, आजोबा."

कुंडीतली माती वरवर सुकत गेली. आणि एक दिवस शेंड्याला पोपटी, गुंडाळलेलं नवं पान आलं.

काकांचा गुडघा लगेच बरा झाला. "बघा! माझी पेंड लागू पडली!"

"पेंड कसली? मासे!" सेनापती ओरडले.

आधी स्वतः प्यायचं, ते भांडणाच्या भरात विसरून दोघांनी तांबे उचलले. वर्ष संपायला अजून अवकाश होता. राणीनं गुलाबदाणी घट्ट धरली. यांचे हात अडवायचा हक्क तिला नव्हता.

तेवढ्यात आजोबा उठले. त्यांना हक्क होता. त्यांनी कुंडी आडवी केली आणि झाड मुळासकट बाहेर काढलं. काळा, बुळबुळीत चिखल गळायला लागला. असा वास सुटला, की दरबारानं नाकं दाबली. आजोबांनी त्यातला मूठभर चिखल काकांच्या नाकाखाली धरला.

"हे आपलं."

मग त्या काळ्या लगद्यात फुटलेल्या, दोऱ्यासारख्या पांढऱ्या मुळांवर बोट ठेवलं.

"आणि हे पोरीचं."

काकांनी आणि सेनापतींनी तांबे खाली ठेवले. उभा जन्म सल्ले देण्यात गेल्यावर स्वतःचा बरबटलेला हात असा चारचौघांत वर करणं सोपं नसतं. म्हाताऱ्यांपुढं उगाच वाकायचं कारण नाही; या एका म्हाताऱ्यापुढं मात्र वाकावं.

आजोबांनी कुजकी मुळं काढून टाकली, कोरडी माती भरली आणि झाड पुन्हा लावलं. वर्ष सरलं, झाड हिरवं राहिलं, गादी राणीकडंच राहिली. तांबे माळ्यावर गेले. काका पुढंही रोज सकाळी येत, पण आधी विचारत, "पोरी, आज द्यायचं का?" आणि बहुतेक दिवशी "नको" ऐकून गुपचूप माघारी जात. गोगलगायीला खालची दोन पानं कायमची लिहून दिली.

तात्पर्य: वाढणाऱ्याला किती द्यायचं, ते देणाऱ्याच्या हौसेवरून नव्हे, घेणाऱ्याच्या ताकदीवरून ठरवावं.